'कंटाळून' या एका शब्दाबद्दल

शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी कशी लिहायची याचा आमच्याकडं एक साचा ठरलेला आहे. नाव, वय, गाव, मग 'सततची नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून', मग 'विषारी औषध प्राशन करून जीवनयात्रा संपविली', मग 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी असा आप्तपरिवार आहे', आणि जागा उरली तर 'घटनेने परिसरात हळहळ व्यक्त होत आहे'. चाळीस-पन्नास शब्द, एका कॉलमात बसतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका पेपरला बारा-तेरा वर्षं बातम्या पाठवल्या, २००५ पासून, आणि या साच्यात मी किती माणसं भरली ते आता मोजता येत नाही, कारण कात्रणं मी ठेवलीच नाहीत. एकच कात्रण मी नीट पाहिलेलं आहे आणि ते वहिनीकडं आहे.

वहिनी म्हणजे सख्खी नव्हे, आमच्याच गल्लीतली, दोन घरं सोडून. तिच्या नवऱ्याला मी दादा म्हणायचो, लहानपणी त्यांच्या बैलबंडीवर बसून वावरात गेलेलो. दादा २००८ च्या पावसाळ्यात गेले. बातमी मीच पाठवली. दवाखान्यातून त्यांना घेऊन गाडी गावात यायच्या आधी पाठवली, कारण रात्री आठच्या आत मजकूर गेला नाही तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात लागत नाही, आणि माझं त्या वेळी असं झालं होतं की रडू नंतर, आधी बातमी. त्याबद्दल मला आजही स्वतःला माफ करता येत नाही पण लिहायचं ते त्याबद्दल नाही.

वर्षभरानं मदतीच्या फाइलसाठी कागद गोळा करायला मी तिच्याकडं बसलो होतो. सातबारा, सोसायटीचा दाखला, पोस्टमॉर्टमची झेरॉक्स, आणि पेटीच्या तळातून तिनं ते कात्रण काढलं, पोळपाटावर ठेवलं, आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "भाऊजी, हे तुमीच लिवलं न?"

मी हो म्हटलं.

"कंटाळून लिवलं तुमी. थे कंटाळले नव्हते जी. त्या रोजी सकाळी बी डवरं घेऊन वावरात गेलते. कंटाळला माणूस डवरं घेऊन जाते का?"

डवरं म्हणजे पिकातलं तण काढायचं बैलाचं अवजार. माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, वहिनी, पेपरात असंच लिहितात. ती म्हणाली, "मंग असंबी लिवा न, का त्यायले कोणं काय केलं." आणि कात्रण परत घडी घालून पेटीत ठेवलं. रागावली नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मी लिहीन.

त्या दिवसापासून मी बातम्या वेगळ्या वाचायला लागलो, आणि जे दिसलं ते एकदा दिसल्यावर न दिसल्यासारखं करता येत नाही. शाळेत गुरुजींनी प्रयोग शिकवले होते, कर्तरी, कर्मणी, भावे, आणि क्रियापदाला 'कोण' असा प्रश्न विचारला की कर्ता सापडतो असं सांगितलं होतं. पेपर उघडून तोच प्रश्न विचारत जा. बोंडअळीचा प्रादुर्भाव झाला. बियाणे उगवले नाही. भाव गडगडले. पंचनामे करण्यात आले. प्रस्ताव प्रलंबित आहे. अनुदान रखडले. कोण? कोणीच नाही. सगळं आपोआप होऊन राहिलं, पाऊस पडावा तसं. आणि त्याच पानावर खाली एका चौकटीत 'शेतकऱ्याने आत्महत्या केली'. इथं मात्र कर्ता आहे, ठळक, नाव-वय-गावासकट. वर्षभर त्या माणसाबद्दल जे काही छापून आलं त्यात त्याला एकदाच कर्ता व्हायला मिळालं, तेही स्वतःला मारण्यासाठी.

कर्मणी प्रयोग वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, 'रामाने आंबा खाल्ला' यात राम जागच्या जागी आहे. वाईट आहे ते 'करण्यात आले'. त्या वाक्यात कर्त्याला बसायला जागाच ठेवलेली नसते. सरकारी परिपत्रकातली ही भाषा पत्रकार परिषदेतून आमच्या वहीत आली, वहीतून पेपरात, आणि पेपरातून आता पारावर बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आली. मागच्या वर्षी एक आजोबा मला म्हणाले, "आमचं नाव यादीतून वगळण्यात आलं." या माणसानं जन्मभर 'काढून टाकलं' म्हटलं असेल. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकानं १९४६ साली इंग्रजीबद्दल हेच लिहून ठेवलंय, की असहाय गावांवर विमानातून बॉम्ब टाकतात आणि त्याला शांतता प्रस्थापित करणं म्हणतात, आणि जिथं कर्ता सांगता येतो तिथं तो झाकणारं वाक्य लिहू नका. मी ते बऱ्याच उशिरा वाचलं. आधी वहिनीकडून ऐकलं होतं.

पण ऑर्वेलपर्यंत जायची गरज नव्हती, आणि हे मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण हे सगळं बुलढाण्यात झालेलं आहे. आमच्या वऱ्हाडात. ताराबाई शिंदे. शाळेत आम्हाला तिचं नाव एका ओळीत होतं, 'स्त्रीपुरुषतुलना, १८८२', रिकाम्या जागा भरा मध्ये यायचं. आमच्या गावच्या वाचनालयात ते पुस्तक आलं आणि मी वाचलं तेव्हा कळलं की हे मुळात पेपरवाल्यांना दिलेलं उत्तर आहे. झालं असं की सुरतेकडं विजयालक्ष्मी नावाची एक ब्राह्मण विधवा होती, तिनं नवजात मूल मारलं म्हणून १८८१ मध्ये कोर्टानं तिला फाशी सांगितली, नंतर शिक्षा कमी झाली. त्यावरून पेपरांमध्ये बायकांच्या चारित्र्यावर लेख सुरू झाले, पुण्याच्या 'पुणेवैभव'नं तर बायकांवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्यात बसून ते वाचणारी ही बाई, वडील कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे, गावात मुलींची शाळा नाही, घरातच शिकलेली, ती पेटून उठली. तिचा सगळा राग एका जागी येऊन थांबतो, की या गोष्टीतला पुरुष कुठं गेला? विधवेला मूल झालं ते काय तिला एकटीलाच झालं? मग सगळे दोष बाईच्याच अंगावर का, आणि ते लिहिणारे तुम्ही कोण?

बघा, पुन्हा तेच. कर्ता गाळलेला आहे आणि बाईनं ते पकडलं.

पुस्तक पुण्याला छापलं, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. लोक तुटून पडले तिच्यावर. जोतीराव फुले तिच्या बाजूनं उभे राहिले, आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांनी तिची बाजू घेतली. पण तिचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पुढं ते पुस्तकच लोक विसरले, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा मधे त्र्याण्णव वर्षं गेली होती. मराठी पत्रकारितेचा इतिहास सांगताना दर्पणकार बाळशास्त्रींपासून सुरुवात करतात, ते बरोबरच आहे, पण पेपरात काय छापून आलं आणि काय गाळलं हे नीट वाचून त्यावर पुस्तक लिहिणारी माणूस आपल्याच भागात, बुलढाण्यात, १८८२ सालीच होती, हे आम्हा वार्ताहरांच्या कुठल्याही शिबिरात मला कोणी सांगितलं नाही. मी तीन-चार शिबिरं केली. बातमीचा मथळा कसा द्यायचा, फोटो कोणत्या साइझचा पाठवायचा, हे सांगितलं.

आणि १८८२ चं १८८२ मध्ये राहिलं असतं तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका, मुलं रोशन आणि सुधीर, चौघांना गावातल्या जमावानं मारून टाकलं. जमिनीचा वाद होता, सुरेखाबाईंनी एका मारहाणीच्या केसमध्ये आरोपींना ओळखलं होतं, बौद्ध कुटुंब होतं आणि मान वर करून राहत होतं. सुरुवातीच्या बातम्यांमध्ये काय होतं? अनैतिक संबंधातून हत्याकांड. विजयालक्ष्मीला मधे एकशे पंचवीस वर्षं होऊन गेली आणि बाई मेली की आधी तिचं चारित्र्य छापायचं ही रीत तशीच होती. मोठ्या पेपरांना आणि चॅनलांना ते गाव सापडायला महिना गेला, तेही नागपूर, अमरावतीकडं लोक रस्त्यावर उतरले म्हणून. मी त्या वेळी वर्षभराचा वार्ताहर होतो. ती पहिली छोटी बातमी मी स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना वाचली होती आणि मला काहीही खटकलं नव्हतं. 'अनैतिक संबंध' वाचलं, पान उलटलं. हे मी कबूल करतो, कारण दुसऱ्याच्या बातमीत कर्ता शोधताना आपणही कुठंतरी वाचक म्हणून सामील होतो हे लपवलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

त्याच २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम, वर्धा. त्या आठवड्यात आमच्या भागात जेवढे कॅमेरे आले तेवढे मी आधी पाहिले नव्हते. खेड्यापाड्यांवर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी एक हिशोब अनेक भाषणांत सांगितलाय, मुंबईत एका फॅशन वीकला ५१२ पत्रकारांची नोंद होती, आणि तिथं सुती कपड्यांचंच प्रदर्शन होतं, आणि तो कापूस पिकवणारी माणसं विमानानं तासाभराच्या अंतरावर मरत होती तिथं देशभरातून सहा. आता त्या सहांत आमच्यासारखे धरले नसतील, आम्ही मोजण्यात कधीच नसतो. पण खरं सांगायचं तर आम्ही होतो तरी काय करत होतो. साचा भरत होतो.

साचा का भरत होतो हेही सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय नुसती पत्रकारांना शिवी दिल्यासारखं होतं. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. ओळखपत्र असतं, बातमीमागं थोडेफार पैसे मिळतात किंवा तेही नाही, आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी अंक, नेत्याचा वाढदिवस, प्रत्येक वेळी टार्गेट. जाहिरात देणार कोण? कृषी केंद्रवाला, जिनिंगवाला, पतसंस्था, बाजार समितीतले लोक, खासगी दवाखाना. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं तेच. २००९ च्या निवडणुकीत तर सरळ 'पॅकेज' हाच शब्द होता. प्रचार कार्यालयातून मजकूर यायचा, आम्ही तो बातमी म्हणून पाठवायचो, खाली जाहिरात असं कुठं लिहिलेलं नसायचं. मी पाठवलाय. त्याच निवडणुकीत एकच लेख शब्दाला शब्द सारखा वेगवेगळ्या स्पर्धक पेपरांत छापून आल्याचं साईनाथ यांनी दाखवून दिलं, प्रेस कौन्सिलनं चौकशी लावली, पारंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी नावानिशी सविस्तर अहवाल लिहिला, आणि कौन्सिलनं २०१० मध्ये तो कापून लहान करून बाहेर काढला. नावं गाळून. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला माहिती अधिकारातून भांडावं लागलं. कर्ता गाळण्याबद्दलच्या अहवालातूनही कर्ता गाळला, हे वाचून मी वाचनालयात कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

बाबासाहेबांनी हे १९४३ सालीच सांगून ठेवलं होतं. पुण्यात रानड्यांच्या जयंतीला केलेल्या भाषणात ते म्हणतात की वृत्तपत्र हा एके काळी पेशा होता, आता धंदा झालाय, आणि साबण तयार करण्याच्या धंद्यात जितकी नैतिकता असते त्याहून जास्त यात उरलेली नाही. हे बोलणारा माणूस बाहेरून टीका करणारा नव्हता. त्यांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला होता, पुढं 'बहिष्कृत भारत', मग 'जनता', शेवटी 'प्रबुद्ध भारत'. पैशाची तंगी, वर्गणीदार नाहीत, जाहिराती नाहीत, हे सगळं त्यांनी भोगलेलं. मूकनायकच्या माथ्यावर तुकोबा होते, 'काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें'. मला त्यातला 'भीड' हा शब्द फार जवळचा वाटतो. आमच्या तालुक्याच्या बातमीदारीचा सगळा कारभार भिडेवर चालतो. भीती कमी असते, भीडच जास्त. कृषी केंद्रवाला माझ्या बहिणीच्या लग्नात जेवायला होता. त्याचं नाव कसं लिहू?

आणि २०१७ ला तेच झालं. त्या साली पाऊस असा पडला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली. कीड आवरत नव्हती, दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र करून फवारत होते, बॅटरीचे पंप आले होते त्यातून फवारा जोरात निघायचा, आणि उंच पऱ्हाटीत वर तोंड करून फवारायचं म्हणजे सगळं अंगावर, डोळ्यात, नाकात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं मेली, शेकडो दवाखान्यात. काहींचे डोळे गेले. त्यात पुष्कळ स्वतःच्या वावरात फवारणारे नव्हतेच, रोजंदारीनं दुसऱ्याच्या वावरात फवारणारे मजूर होते. पहिल्या दिवसांतल्या बातम्यांचं वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण एक मीही लिहिलं: 'सुरक्षेची काळजी न घेतल्याने फवारणीदरम्यान विषबाधा'. काळजी कोणी घेतली नाही? त्या वाक्यात तर मेलेल्यानं.

मी दवाखान्यात गेलो होतो. एका पलंगावर आमच्या बाजूच्या गावचा पोरगा, विशी-बाविशीतला, डोळ्यावर ओली पट्टी. त्याच्या आईनं पिशवीतून औषधाचा डबा काढून दाखवला, पोलिसांनी मागितला तर द्यायला म्हणून जपून ठेवलेला. डब्यावर तो चौकोन असतो उभा, खालच्या त्रिकोणाला रंग असतो, लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. बाजूला सूचना, इतक्या बारीक अक्षरात की मला चष्मा लावून वाचता येईना. मी तिला विचारलं, रंगाचं कोणी सांगितलं होतं का? ती म्हणाली, "कोण सांगन? दुकानदारानं सांगतलं का हे घेऊन जा, ह्यानं जाते." मी ते सगळं लिहिलं. दुकानात बसून औषध सुचवणारा तोच विकणारा आहे, कृषी खात्याचा माणूस हंगामात गावात दिसला नाही, डब्यावरचं वाचता येत नाही, मजुराला हातमोजा-मास्क घेऊन द्यायचं काम मालकाचं. दीड कॉलम झालं. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते पाच ओळी, 'शेतकऱ्यांनी किटचा वापर करावा, असे आवाहन करण्यात आले आहे'. फोन केला तर डेस्कवरून सांगितलं, जागा नव्हती. त्याच अंकात कीटकनाशकाची पाव पान जाहिरात होती. पुढच्या वर्षी मी ओळखपत्र परत केलं.

आता सकाळचं वावर झालं की संध्याकाळी वाचनालय उघडतो. ड वर्गाचं छोटं वाचनालय आहे, दोन कपाटं. तिथंच मी 'शेतकऱ्याचा असूड' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, १८८३ चा, आणि त्याच्या सुरुवातीच्या त्या ओळी, ज्या आम्ही शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो, मला नव्यानं दिसल्या. विद्येविना मति गेली, मतीविना नीति गेली, नीतीविना गति गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले. गेली, गेली, गेली, गेले, खचले. अगदी आमच्या पेपरासारखं, सगळं आपोआप होऊन राहिलं. आणि मग शेवटची ओळ येते, 'इतके अनर्थ एका अविद्येने केले'. केले. अविद्येने. कर्ता आला. पाच वेळा क्रियापद एकटं सोडून सहाव्या वेळी त्या माणसानं कर्त्याला दंडाला धरून समोर आणलं. आणि पुढचं सगळं पुस्तक म्हणजे ही अविद्या कोणी ठेवली, कचेरीतल्या कुठल्या टेबलावर, कुठल्या दस्तात, कुठल्या सणावाराच्या दक्षिणेत शेतकरी कसा नागवला जातो, याची झडती आहे. तेही सोपं गेलं नाही त्यांना. 'दीनबंधू' त्यांच्याच चळवळीचा पेपर, पण त्यातही सुरुवातीचे दोनच भाग छापले गेले. मग जोतीरावांनी काय केलं तर ठिकठिकाणी लोक जमवून ते वाचून दाखवलं, बडोद्याला सयाजीराव महाराजांनाही ऐकवलं. छापत नाही तर वाचून दाखवतो.

एक गोष्ट मला त्रास देते आणि ती सोडून पुढं जाता येत नाही. आजकाल गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कर्त्यांची कमी नाही. प्रत्येक ओळीत कर्ता आहे. या जातीनं नोकऱ्या खाल्ल्या, त्या धर्मानं देश खाल्ला, फॉरवर्ड करा. पेपरानं कर्ता गाळून गाळून जी जागा रिकामी ठेवली त्या जागेत हे येऊन बसलं असं मला वाटतं, कारण माणसाला 'कोणी केलं' हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि खरा सांगितला नाही तर तो हाताशी असलेला धरतो. खोटा कर्ता हा गाळलेल्या कर्त्यापेक्षा जास्त घातक आहे. खरा शोधायला वेळ लागतो, कागद लागतात, तलाठी कार्यालयाच्या चार चकरा लागतात, आणि कधी कधी तो एक माणूस नसतोच, एक नियम असतो, एखादी अट असते.

जसं मदतीचं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला एक लाख मिळतात, ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण आधी समिती ठरवणार की ही आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र'. सातबारा पाहिजे, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं पाहिजे, वसुलीचा तगादा दिसला पाहिजे. मक्त्यानं वावर करणारा, ज्याच्या नावावर एक गुंठा नाही, तो अपात्र. बाई जन्मभर निंदण-वेचणी करून मेली तरी सातबारा तिच्या नावावर नाही म्हणून बहुतेकदा तिला कोणी शेतकरी धरत नाही. दादांनी चार एकर स्वतःचं आणि सहा एकर मक्त्यानं केलं होतं, कर्ज झालं ते मक्त्याच्या सहा एकरामुळं आणि तेही नातेवाइकाकडून आणि कृषी केंद्राच्या उधारीतून. वहिनीची फाइल 'अपात्र' होऊन आली. तो शब्द तिनं मोठ्यानं वाचला, दोनदा, आणि मला विचारलं, "म्हंजे कोण अपात्र? थे का मी?"

पाउलो फ्रेरेबद्दल मी वाचलंय, ब्राझीलचा शिक्षणतज्ज्ञ, ज्यानं १९६३ मध्ये अँजिकोस नावाच्या गावात मजुरांना त्यांच्याच रोजच्या शब्दांवरून लिहायला-वाचायला शिकवलं, वीट, नांगर असल्या शब्दांवरून, आणि शब्द शिकता शिकता विचारायचं की ही वीट कोणी केली, घर कोणाचं झालं. वाचताना मला आमचे गाडगेबाबा आठवले. शेंडगावचा माणूस, अक्षर माहीत नाही, आणि कीर्तन म्हणजे प्रश्न. लोकांना विचारायचं आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचं, वऱ्हाडी बोलीत. कर्ज काढू नका, ताट मोडा पण लेकरू शिकवा, हे बाबा सांगायचे ते गरिबांनाच सांगायचे, तरी त्यांच्या तोंडून ते दोषारोप वाटत नव्हतं कारण ते त्यांच्यातच बसून गाडग्यात भाकर खात होते. तेच वाक्य आज स्टुडिओत बसलेला तज्ज्ञ म्हणतो, 'शेतकरी लग्नात खर्च करतात म्हणून कर्ज होतं', आणि ऐकणारा चावडीवरचा माणूस मान खाली घालतो. वाक्य एकच आहे. म्हणणारा कुठं बसलाय त्यानं त्याचा अर्थ फिरतो.

या दिवाळीनंतर मी वहिनीकडं गेलो, वही घेऊन. म्हटलं, दादांची बातमी मी पुन्हा लिहितोय, पंधरा-सोळा वर्षं उशिरा, छापणार कोणी नाही पण लिहितोय, तू ऐक आणि चुकलं तिथं थांबव. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. नातू बाजूला. मी वाचायला लागलो. 'सोसायटीने २००७ चे कर्ज थकीत दाखवून नवीन कर्ज नाकारले.' ती मान हलवत होती. 'म्हणून त्यांनी कृषी केंद्रातून बियाणे उधार घेतले.' हो, हो. 'पहिली पेरणी पावसाच्या खंडाने गेली.' "लिवा, थे देवाचं काम." 'दुबार पेरणीसाठी घेतलेले बियाणे बोगस निघाले.'

"थांबा," ती म्हणाली. "निंघालं नाही, भाऊजी. देलं."

मी 'निघाले' खोडलं आणि विचारलं, कोणी? तिनं सूप बाजूला सरकवलं, पदरानं हात पुसले, नातवाला आत जाऊन पेटीतली पावती आणायला सांगितली, आणि ती येईपर्यंत पहिल्यापासून सांगायला लागली.